नोकरी करायची नाही, मग शिकायचं कशाला?

पत्र थोडक्यात: मी ४३ वर्षांची, अमळनेर तालुक्यातली. आठवीत शाळा सुटली. यंदा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसावं म्हणते. सोबतच्या दोघींपैकी एकीला अंगणवाडीत लागायचंय, दुसरीला बचत गटाचा हिशेब स्वतः लिहायचाय. मला नोकरी नको, घरची शेती आहे. सासूबाई म्हणतात, "आते शिकीसन काय मास्तरीण व्हशी?" नणंद म्हणते, बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? मलाच कारण सांगता येत नाही. नाद सोडू का?

ताई, सोडू नका.

आधी नणंदेचं बघू, कारण हा दाखला आपल्याकडे फार तोंडावर फेकतात. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, खरं आहे. पण लिहिणारा लेक सोपानदेव घरात होता, म्हणून त्यांची गाणी कागदावर आली आणि त्या गेल्यावर १९५२ साली छापली गेली. ज्यांच्या घरात असं कोणी नव्हतं त्यांची गाणी कुठे आहेत, हे नणंदबाईंना एकदा विचाराच.

आता कारणाचं. सिरिल हूल या अमेरिकी अभ्यासकांनी सतत शिकत राहणाऱ्या २२ प्रौढांशी बोलून १९६१ साली तीन तऱ्हा सांगितल्या: कोणाला शिकून काही साधायचं असतं, कोणाला चार माणसांत यायचं असतं, तर कोणाला शिकणंच आवडतं. तुमच्या मैत्रिणी पहिल्या तऱ्हेच्या, तुम्ही बहुतेक तिसऱ्या. थोड्या दुसऱ्याही असाल, आणि घरातून दोन तास सुटका मिळते म्हणून जात असाल तरी माझी काही हरकत नाही!

अडचण वेगळीच आहे. अंगणवाडीवालीला जागा निघण्याची घाई आहे, तुमच्यामागे कसलाच रेटा नाही. शेतात काम निघालं की पहिली वही तुमची मिटेल. म्हणून फॉर्म भरूनच टाका. पैसे भरले, परीक्षेची तारीख लागली की घरचेही जरा गंभीर होतात. जुन्या शाळेतून सोडल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तोच सापडत नाही.

सासूबाईंना पटवत बसू नका. "हां, व्हसू ना" म्हणा आणि कामाला लागा. कापूस वेचणीत अभ्यास होणार नाही हे धरूनच चाला, आणि बीजगणित पोळ्याच्या आत उरका.