गावात प्रेस नसताना लिनोकट किंवा लाकडी ठशांची छपाई करता येते का? सुरुवात लिनोने करावी की लाकडाने? आणि हाताने घासून काढलेली प्रिंट खरी मानतात का?

येते. कोरलेल्या ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि प्रेसच्या यंत्राने दाबण्याऐवजी पाठीमागून हाताने घासायचा. सुरुवात लिनोने करा, ठसे कोरायचा तो पत्रा लाकडापेक्षा मऊ असतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'हाताने घासून काढलेली प्रिंट खरी मानतात का' असंही विचारलंय, आणि तिथे मला बोलायचंच आहे. 22 वर्षांपूर्वी नागपुरात शिकत असताना आमचे एक सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, चमच्याने घासलेली प्रिंट म्हणजे शाळेतला भेंडीचा ठसा.

वडील गेले आणि मी गोंदियाकडे गावी परतलो. धानाची शेती, प्रेस कुठून आणणार? त्या वर्षी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाल्यावर आमच्या बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या शेतात, सारसांची जोडी यायची. मला ती कोरायची होती. गोठ्याच्या दाराची शिवणीची जुनी फळी पडून होती. पावसापाण्याने तिच्यातला मऊ भाग झिजला होता आणि रेषा वर आल्या होत्या. पक्षी आणि धान कोरलं, पाण्याच्या जागेला हत्यारच लावलं नाही. शाईचा पातळ हात फिरवला तर त्या रेषाच बांधीतलं पाणी होऊन उमटल्या. डोक्याच्या लाल रंगासाठी लिनोचा वेगळा तुकडा कापला.

घासायचं काम आईने घेतलं. पितळी पळीच्या पाठीने, एका कागदाला अर्धा तास. मी कोपरा उचलून बघणार, तोच ती म्हणायची, "थांब बाबू, इथं नाही लागलं अजून, हाताले समजते." आणि खरंच तिथे फिकं असायचं. धानावर जोर, पाण्यावर हलका हात, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पुढे एका प्रदर्शनात सरांनी ती प्रिंट पाहिली. म्हणाले, प्रेस असती तर काळा रंग पूर्ण भरला असता. भरला असता, हो! पाण्याच्या रेषाही बुजल्या असत्या. प्रेस सगळीकडे सारखाच दाब देते, पाणी कुठे आणि धान कुठे हे तिला कळत नाही. जपानात लाकडी ठशांची एवढी मोठी परंपरा बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, बारेनने, हातानेच घासून उभी राहिली. जपानी चित्रकार होकुसाईचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र प्रेसमधून निघालेलं नाही. त्या दिवशी मी हे सरांना बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

लिनोलाही कोणी कमी लेखू नये. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930 साली काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोतच कोरले, फक्त काळ्या-पांढऱ्यात. आणि लिनो आपल्याला परका नाही. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुसा मिसळतात आणि तागाच्या कापडावर त्याचा थर देतात. आपण चटणी करतो तेच जवस. थंडीत तो कडक होतो, थोडा वेळ उन्हात ठेवला की कटर सरळ चालतो.

लाकडाकडे वळाल तेव्हा सुताराकडून शिवणीचा तुकडा मागा. साग कितीही मिळत असला तरी नको, हत्यारांची धार घालवतो. कागद पातळ घ्या, जाड कागदावर पळीचा दाब पोचत नाही. इथे प्रेसवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. एकाच चित्राच्या 50 प्रती हव्या असतील तेव्हाही प्रेसच बघा, आईचा खांदा 14 प्रतींनंतर आठवडाभर दुखत होता.

दुसरा हात कटरच्या पुढे कधीच ठेवू नका. पाण्याची शाई आपल्याकडच्या मे महिन्यात रोलर फिरेपर्यंतच वाळते, तेव्हा तेलाचीच घ्या. ती खायच्या तेलाने पुसून मग साबणाने धुतली की निघते.