सुरुवातीचाच कॅन्सर, मग गाठी का काढायच्या?

प्रश्न (सेलू, जि. परभणी): वडील ६१ वर्षांचे आहेत. दुर्बीण तपासणीत जठराच्या खालच्या भागात दीड सेंटिमीटरचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीचा आहे, सीटी स्कॅनमध्ये गाठी नाहीत. तरी ऑपरेशनमध्ये भोवतालच्या गाठीही काढू. नसलेल्या गाठी काढायच्या कशासाठी?

उत्तर: आधी शब्दाचा घोळ मिटवू. पायात काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली लसिकाग्रंथी. तशाच ग्रंथी प्रत्येकाच्या जठराभोवती, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, जन्मापासून असतात. 'गाठी नाहीत' म्हणजे फुगलेल्या दिसल्या नाहीत, इतकंच. सीटीला आकार कळतो. साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या पुढची ग्रंथी संशयास धरतात. पाच मिलिमीटरच्या ग्रंथीत कॅन्सरच्या पेशी जाऊन बसल्या असतील, तर त्या सीटीत उमटत नाहीत. उलट जठरातल्या जखमेने सुजलेली मोठी ग्रंथी निर्दोष निघते.

आता पसरण्याचं. जठराच्या भिंतीचा सर्वांत आतला थर म्हणजे म्युकोसा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. त्याच्या तळाशी स्नायूची झिरझिरीत पट्टी, खाली सैलसर सबम्युकोसा, मग जाड स्नायू. लसिकावाहिन्यांचं, म्हणजे या ग्रंथींकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांचं, दाट जाळं सबम्युकोसात असतं. पापुद्र्यात त्या तुरळक, त्याही तळालगत. म्हणून कॅन्सर पापुद्र्यातच असेल तर शंभरातल्या दोन-तीन जणांच्याच ग्रंथींत सापडतो, सबम्युकोसात उतरला की सुमारे वीस जणांच्या. आणि गंमत अशी की दोन्हींना 'सुरुवातीचा'च म्हणतात. जपानी तज्ज्ञांनी १९६२ साली ही व्याख्या केली ती निव्वळ खोलीवरून. ग्रंथींत पोचला की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही.

पेशी आधी जठराच्या दोन्ही काठांलगतच्या ग्रंथींत जातात, तिथून जठराच्या आणि यकृताच्या धमनीजवळच्या ग्रंथींत. पण कधी पहिली ओळ कोरी सुटते आणि दुसऱ्या ओळीत कॅन्सर सापडतो. सर्जन वेचून एखादीच ग्रंथी न काढता भोवतालच्या चरबीसकट काढतात, ते यासाठी.

तरीही प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. कॅन्सर म्युकोसातच आहे, वेल किंवा मॉडरेटली डिफरन्शिएटेड (पेशी अजून बऱ्याचशा मूळ पेशींसारख्या दिसणारा) आहे आणि त्यावर व्रण नाही, तर तो कितीही रुंद असला तरी दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. त्याला ईएसडी म्हणतात. व्रण असेल तर मर्यादा ३ सेंटिमीटर. पूअरली डिफरन्शिएटेड (पेशींचं मूळ रूप हरवलेला) किंवा सिग्नेट रिंग (पेशी अंगठीसारख्या दिसणारा) प्रकार असेल तर २ सेंटिमीटर, आणि व्रण नको. सबम्युकोसात द्रव टोचून तो भाग फुगवतात, कडेने कापतात आणि खालून सोडवतात.

खरी कसोटी त्यानंतर. निघालेला तुकडा लगेच कॉर्कवर ताणून, टाचण्या लावून फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा असतो. तसाच बाटलीत टाकला तर तो गुंडाळतो, काप तिरके पडतात आणि खोली चुकते. दोन-दोन मिलिमीटरचे काप करून पॅथॉलॉजिस्ट मोजतात. म्युकोसाच्या खाली अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे उतरला असेल, किंवा लसिकावाहिनीत पेशी दिसल्या, तर पुन्हा ग्रंथींसह ऑपरेशनचा सल्ला मिळतो. अर्ध्या मिलिमीटरवर एवढा निर्णय!

वडिलांसाठी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: खोली कोणत्या थरापर्यंत वाटते, एंडोस्कोपिक सोनोग्राफी केली का, बायोप्सीत प्रकार कोणता, व्रण आहे का. दीड सेंटिमीटर हा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. दुसरं मत हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सवर न भागवता बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक, स्लाइड्स आणि सीटीची सीडी सोबत न्या.

प्रश्न (औसा, जि. लातूर): तुकडा काढला की कॅन्सर 'चाळवतो' म्हणतात. खरं का?

उत्तर: नाही. दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीने जठराचा कॅन्सर ग्रंथींत पसरत नाही. तुकड्याशिवाय प्रकार कळत नाही आणि उपचार ठरत नाही.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड): आईच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ग्रंथींपुढे '०/९' लिहिलंय. म्हणजे सगळं साफ ना?

उत्तर: तपासलेल्या नऊपैकी एकीतही कॅन्सर नाही, असा त्याचा अर्थ. पण निश्चिंत व्हायला किमान १६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात. कमी भरण्याची कारणं दोन: चरबी कमी काढली गेली, किंवा काढलेल्या चरबीत ग्रंथी शोधल्या गेल्या नाहीत. तीन-चार मिलिमीटरच्या ग्रंथी पिवळ्या चरबीत डोळ्याला दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. घाईत राहतात. लॅबमध्ये उरलेला नमुना काही आठवडेच ठेवतात, तेव्हा या आठवड्यातच सर्जनमार्फत 'उरलेली चरबी पुन्हा तपासा' अशी लेखी विनंती द्या. एक-दोन ग्रंथींत जरी कॅन्सर सापडला तरी टप्पा बदलतो आणि केमोचा विचार करावा लागतो.