सारंगखेड्याची यात्रा मुळात घोड्यांची की शेतकऱ्यांची?

तुम्ही विचारलंय, सारंगखेड्याचा घोडेबाजार इतका गाजतो, मग त्या यात्रेचा शेतीशी संबंध तरी काय? मी याच भागातला. माझ्या मते ती आधी शेतकऱ्यांची यात्रा आहे.

मुहूर्तच बघा ना. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि यात्रा भरते दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला. तोवर ज्वारी-बाजरी घरात आलेली असते, कापसाच्या वेचणीचे पैसे हातात खुळखुळत असतात. बैलजोडी बदलायची, गाडी घ्यायची, वखर-पांभर ही मशागत-पेरणीची अवजारं नवी करायची, तर याहून चांगली वेळ कुठली? नवस फेडायचा आणि येताना जू, कासरे, घागरमाळा घेऊन यायच्या, हा आमच्याकडचा रिवाज.

घोडे आले ते वाटेमुळे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातूनच जायचा, नंदुरबार त्यावरचं मोठं ठाणं. व्यापारी, लष्कर, तांडे, सगळ्यांनाच जनावर लागायचं. यात्रेची परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. आजही मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा असे घोडे लांबून येतात.

सौदा मात्र बैलांचा बघावा. जाणता शेतकरी आधी जबडा उघडतो. आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे दात आलेला), यावरून वय कळतं आणि किंमत तिथेच अर्धी ठरते. मग चालवून बघायचं, खुर बघायचे, खांद्यावर हात फिरवायचा, कारण जू तिथे बसतं. आमच्याकडची म्हातारी माणसं पोरांना एवढंच सांगायची, "दात देख, मंग बोल." भाव उघड बोलायचा नाही. रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

ट्रॅक्टर आले आणि बैलबाजार आटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2020 साली कोरोना, 2022 साली लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे गुरांच्या बाजारांवर बंदी, हे धक्के वेगळेच. घोडा आता हौसेचा झाला, लग्नाचा, शर्यतीचा, नाचकामाचा. यात्रेच्या जोडीने भरणाऱ्या चेतक फेस्टिव्हलमुळे बाहेरची माणसं येऊ लागली. गावाला चार पैसे मिळतात, ते चांगलंच आहे. पण बातमीत फक्त लाखोंचा घोडा दिसतो आणि जिच्यावर ही यात्रा उभी राहिली ती अवजारांची रांग कुणी दाखवत नाही.

यायचं असेल तर दत्तजयंतीच्या एक-दोन दिवस आधी या, घोडे तेव्हापासूनच उतरलेले असतात आणि गर्दी कमी असते. सकाळी लवकर बाजारात शिरा, ऊन चढलं की व्यापारी जनावरं सावलीला बांधतात. घोडे बघून झाले की लोहार-सुतारांकडे जरूर जा. गोडीशेव घ्या आणि भरीत-भाकरी खाल्ल्याशिवाय निघू नका, वांग्याचा हंगाम तोच असतो.