नववीसाठी निवासी शाळा: आधी वसतिगृह बघा

ताई, मुलगा आठवीत, यजमानांची बँकेत सतत बदली, तुमचीही नोकरी, मुलाला व्हायचंय डॉक्टर आणि निवासी शाळांच्या यादीत पाचगणीच्या दोन शाळा नि डेहराडूनची एक, असं तुम्ही लिहिलंय. मी निवासी शाळेत बरीच वर्षं शिकवलं आणि वसतिगृहही सांभाळलं, त्यावरून सांगतो.

घालायचंच असेल तर नववीला घाला. सीबीएसई असो वा आयसीएसई, बोर्डाची नोंदणी नववीत होते. दहावीला थेट प्रवेश पालकांची बदली वगैरे सबळ कारण असल्याशिवाय मिळत नाही. डेहराडूनचा मात्र फेरविचार करा. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात आणि त्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावीही इथूनच झालेली लागते. काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना सवलत आहे, पण ती आपल्याला लागू होते का हे आधी तपासा. बारावीनंतर कळून काही उपयोग नसतो.

आता मुख्य मुद्दा. निकाल, घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव हे सगळं नंतर. मूल वर्गात सहा-सात तास असतं, बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र वसतिगृहात. म्हणून प्राचार्यांना भेटलात तरी रेक्टरना भेटल्याशिवाय परत येऊ नका. ते किती वर्षं तिथे आहेत, रात्री मुलांच्याच इमारतीत झोपतात का, हे विचारा. दर वर्षी रेक्टर बदलत असतील तर ती शाळा यादीतून काढा, इमारत कितीही देखणी असो. रात्री दोनला मुलाला ताप आला तर तो कुणाचं दार वाजवणार आणि तुम्हाला फोन कधी येणार, याचं उत्तर अडखळत आलं तर समजून जा.

शाळा सुरू असतानाच जा, सुट्टीत नको. पाचगणीला तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. तिथला पाऊस आठवडेच्या आठवडे हटत नाही. कपडे कुठे वाळवतात ते दाखवा म्हणा. ओलसर मोजे घालून मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि ज्या शाळेत याची नीट सोय आहे तिथे बाकीच्या गोष्टींकडेही लक्ष असतं, असं मी पाहिलंय. संडास-बाथरूम बघा. मेसमध्ये मुलांबरोबर जेवा आणि नववीची मुलं अकरावीच्या मुलांसमोर कशी वावरतात ते बघा. मोठी मुलं धाकट्यांकडून ताटं उचलून घेत असतील, कपडे धुवून घेत असतील, तर त्याला कुणी 'परंपरा' म्हटलं तरी ती दादागिरीच.

घर सर्वांत जास्त आठवतं ते रविवारी दुपारी. एरवी घंटेवर दिवस सरतो. रविवारी जेवण झाल्यावर नवी मुलं कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्या वेळात शाळा काय करते, हे जरूर विचारा.

खर्चाचा प्रश्न असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा आहे, १९६१ पासूनची. नववीची प्रवेश परीक्षा इंग्रजीतून असते आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला वय १३ ते १५ लागतं. केंद्र सरकारच्या नवोदय निवासी विद्यालयांतही नववीत रिकाम्या जागांवर प्रवेश मिळतो, पण मुलगा आठवी शिकतोय त्याच जिल्ह्यातल्या. दोन्हीकडे जागा मोजक्याच असतात.

मोबाइल सुटावा म्हणून पाठवतोय, असंही तुम्ही लिहिलंय. हे कारण मुलाच्या कानावर गेलं असेल तर त्याला ती शिक्षा वाटेल, आणि शिक्षा म्हणून आलेली मुलं रुळायला फार वेळ घेतात. त्याला सोबत न्या, एखाद्या वर्गात बसू द्या, तिथल्या मुलांशी तुमच्या माघारी बोलू द्या. त्यानंतरही तो ठाम नाही म्हणाला तर या वर्षी पाठवू नका. दहावी घरून होऊ द्या; अकरावीला पुन्हा प्रवेश खुले होतात.