बाग तीच, पण किती वाजताची? साखरपुड्याच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की साखरपुड्यांच्या तारखा ठरू लागतात आणि माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: फोटो कुठल्या बागेत काढायचे? बरीच वर्षं मी पुण्या-मुंबईत जोडप्यांचे फोटो काढतो आहे. बागेचं नाव कुणी विचारलं की मी आधी वेळ विचारतो. साध्या बागेत चांगल्या उजेडात काढलेला फोटो नावाजलेल्या बागेत भर दुपारी काढलेल्या फोटोपेक्षा दर वेळी सरस ठरतो. या वेळी आलेल्या पत्रांतली सात निवडली आहेत.

आमचा साखरपुडा डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात आहे. सारसबाग, एम्प्रेस गार्डन आणि पु. ल. देशपांडे उद्यान यांत आमचं ठरत नाही. आम्ही दोघं खरं तर कमला नेहरू पार्कात भेटायचो, पण ती फारच साधी बाग वाटते. – एक वाचक, कोथरूड

तिन्ही बागा सुंदर आहेत, पण तिघींचा उजेड वेगळा आहे.

सारसबागेत उघडं आकाश मिळतं आणि मधोमध तळ्यातला गणपती. पेशवाईत इथे मोठं तळं होतं, देवळाची स्थापना १७८४ ची, सवाई माधवरावांच्या काळातली. तिथे संध्याकाळी गेलात तर प्रत्येक फोटोत तुमच्यामागे भेळ खाणारं एखादं कुटुंब येईल. त्यांचीही ती संध्याकाळच आहे, त्यांना बाजूला व्हायला कसं सांगणार? म्हणून सकाळीच जा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासात ते साडेआठ हा तुमचा वेळ. आधी दर्शन घ्या, मग फोटो.

एम्प्रेस गार्डन मला स्वतःला फार आवडते. सुमारे ३९ एकरांची ही बाग ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते. आत ओढा वाहतो, आणि जुन्या झाडांवर चढलेल्या महावेली इतक्या जाड आहेत की एका हाताच्या पंज्यात मावत नाहीत. छाया दाट असल्यामुळे उन्हं वर आल्यावरही इथे काम करता येतं, तोवर बाकीच्या बागांत चेहरे रापलेले दिसू लागलेले असतात. एक मात्र सांभाळा. दाट झाडीतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी झिरपतं. असा एक कवडसा नवरीच्या गालावर आणि दुसरा कपाळावर पडला, तर तो फोटो नंतर कुणालाच सुधारता येत नाही. अख्खी सावली पाहून उभे राहा. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, तिथे पुष्पप्रदर्शन भरतं. ते दिवस टाळा.

पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते दहा एकरांत बेतलं आहे. पाण्याचे पाट, छोटे पूल, वळणावळणाच्या वाटा. हिरवळ उघडी असल्यामुळे उजेड मऊ झाल्याशिवाय इथे उपयोग नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा पावणेपाच ते पावणेसहा एवढीच वेळ धरा. तिथल्या सगळ्या हिरवळींवर पाऊल टाकता येत नाही, आणि मोठ्या कॅमेऱ्याबद्दल आधी विचारून जावं लागतं.

आता माझं मत. पहिला पाऊण तास कमला नेहरू पार्कात घालवा. जिथे बसून तुम्ही बोलायचात त्याच बाकावर बसा, कपडेही नेहमीचेच ठेवा. मी पाहिलं आहे, ओळखीच्या जागी माणसाचे खांदे आपोआप खाली येतात. नवख्या जागी ते अर्धा तास कानापाशी चढलेले असतात. मग साडी-कुर्ता नेसून-घालून एम्प्रेसला जा. एका दिवसात तीन बागा करू नका. रहदारीत अडकून चेहऱ्यावर आलेला थकवा फोटोत लपत नाही.

मी दादरला राहते. हिरवळ हवी आहे, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत साडी नेसून जाणं शक्य नाही. हँगिंग गार्डन ठीक आहे का? – एक वाचक, दादर

ठीक आहे, पण तुमच्या घराजवळच त्याहून चांगली जागा आहे. पारशी कॉलनीतली पाच उद्यानं. जुनी झाडं, रुंद पदपथ, मागे बैठ्या अंगाच्या जुन्या इमारती. मुंबईत इतकं आकाश आणि इतकी सावली एकत्र क्वचित मिळते. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत तिथे फेरफटका मारणारी ज्येष्ठ मंडळी असतात. ती वर्षानुवर्षं त्याच वाटेने चालतात, त्यांची वाट अडवू नका. दोन माणसं, एक फोटोग्राफर, एक मैत्रीण. एवढेच जा, म्हणजे कुणाला त्रास होणार नाही.

मलबार हिलला जायचंच असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान. ते १८८१ च्या सुमारास पाण्याच्या टाक्यांवर केलेलं आहे. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं लहानपणीच्या आठवणींमुळे सगळ्यांना प्रिय आहेत, पण फोटोत तीच नजर खेचतात आणि जोडपं मागे पडतं. समोरचं कमला नेहरू पार्क, म्हातारीच्या बुटाचं, मी जास्त पसंत करतो. तिथून पूर्वेला चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा कमानदार किनारा दिसतो. म्हणून तिथे संध्याकाळीच जा. मावळतीचं ऊन तुमच्या चेहऱ्यावर येतं आणि मागचं शहरही उजळतं. सकाळी तोच देखावा सूर्याच्या तोंडावर येतो, मग शहर धुरकट आणि चेहरे काळे. २०२५ मध्ये त्याच टेकडीवर लाकडी उन्नत निसर्गवाट सुरू झाली. चालायला ती सुरेख आहे, पण अरुंद आहे आणि तिकिटाची वेळ ठरलेली असते. तिथे फोटोंचा संसार मांडू नका.

राणीच्या बागेतली झाडं मुंबईतला मोठा ठेवा आहे. गोरखचिंच, उर्वशी अशी झाडं तिथे आहेत. पण बाग बुधवारी बंद असते आणि शनिवार-रविवारी प्राणी बघायला आलेल्या लेकरांनी गजबजलेली असते. जायचं तर मंगळवारी किंवा गुरुवारी, दार उघडताच.

आणि बाग नसली तरी चालेल म्हणत असाल, तर ओव्हल मैदान. पूर्वेच्या बाजूला राजाबाई टॉवर, १८७८ चा, २८० फुटांचा, आणि शेजारी उच्च न्यायालय. या इमारती पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत, त्यामुळे सूर्य कलू लागला की त्यांचा दगड मधाच्या रंगाचा होतो. कडेची ताडामाडांची रांग धरून उभे राहा. मैदानात क्रिकेट चालू असतं, चेंडूवर मात्र एकाने लक्ष ठेवा.

आम्ही एका बागेत फोटो काढत होतो. सुरक्षारक्षकाने येऊन बंद पाडलं. आत मोबाइलवर तर सगळेच फोटो काढत होते! मग आम्हालाच का अडवलं? – एक वाचक, पिंपळे सौदागर

तुमची चिडचिड समजते, विशेषतः तयारी करून गेलेलं असताना. पण रक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. फिरायला आलेल्याने मोबाइलवर काढलेला फोटो वेगळा, आणि ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, कपड्यांच्या बॅगा घेऊन आलेली मंडळी वेगळी. दुसऱ्या प्रकाराला बहुतेक ठिकाणी परवानगी आणि शुल्क लागतं. महापालिकेच्या बागेसाठी उद्यान विभागाकडे अर्ज करा. त्यात तारीख, वेळ, माणसं किती आणि सामान काय हे स्पष्ट लिहा. पत्राची आणि पावतीची झेरॉक्स बरोबर ठेवा, आणि पोहोचल्यावर आपण होऊन रक्षकाला दाखवा. त्याने विचारायची वाट पाहू नका. त्याचं काम सोपं केलंत की तोच तुम्हाला कुठल्या कोपऱ्यात गर्दी नसते ते सांगेल. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हातातल्या कॅमेऱ्याला सहसा हरकत नसते, ट्रायपॉडला मात्र स्वतंत्र परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची.

पुण्यातल्या महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात, हेही आधी पाहून ठेवा. त्या बंदच असतात तेच बरं, त्या वेळचा उजेड फोटोंच्या कामाचा नसतो.

एक मनापासून सांगतो. रंगीत धुराच्या नळकांड्या आणि चमकीचे कागद बागेत उडवू नका. तुमचे फोटो दहा मिनिटांत होतात. गवतात रुतलेली चमकी मात्र माळीकाम करणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी उकिडव्या बसून एकेक कण वेचतात. ते मी स्वतः पाहिलंय, आणि त्यानंतर मी त्या गोष्टींना कायमचा नकार देतो.

मुलीसाठी मोरपंखी पैठणी घेतली आहे. बागेतल्या हिरव्यात ती उठून दिसेल का? जावईबापूंनी त्याच रंगाचा कुर्ता घ्यावा का? – एक आई, नाशिक

ताई, साडी उत्तमच असणार, पण ओल्या हिरव्या बागेत मोरपंखी रंग विरून जातो. हिरव्यात हिरवा मिसळतो, आणि गवतावरून परतणारा उजेड हनुवटीखाली हिरवट छटा सोडतो. मुलीला म्हणावं, हिरवळीवर उभी राहून तळहात हनुवटीखाली धर. तळहातावर फिकट हिरवी झाक दिसली तर ती गळ्यावरही येणार.

याला दोन उपाय आहेत. एक तर जागा बदला: दगडी भिंत, मातीची पायवाट, पिवळ्या पानांचा सडा. अशा ठिकाणी मोरपंखी फार खुलतो. दुसरा उपाय घरातलाच. एखादं स्वच्छ पांढरं धोतर चार पदरी घडी करून मुलीच्या पायांपुढे, फोटोच्या चौकटीबाहेर अंथरा. हिरव्याऐवजी पांढरा उजेड वर येतो आणि डोळ्यांखालच्या सावल्याही जातात. बाजारातला रिफ्लेक्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही.

जावईबापूंना त्याच रंगाचा कुर्ता नको. मोतिया किंवा फिकट बदामी घ्या. हलका कुर्ता शेजारच्या चेहऱ्यावर उजेड टाकतो. बारीक चौकड्यांचा सदरा तर नकोच, कॅमेऱ्यात तो लाटांसारखा थरथरतो. आणि पैठणीचा पदर उलगडून एक तरी फोटो कडेने येणाऱ्या उन्हात काढा. जरीकाम समोरून सपाट दिसतं, बाजूचं ऊन पडलं की पदरातला एकेक मोर सुटा होतो. साडी घरूनच नेसवून पाठवा, बागेत बदलायला धड जागा नसते. पिना, कंगवा, डासांचं मलम आणि चालताना घालायच्या साध्या चपला पिशवीत असू द्या.

फोटोग्राफर म्हणतो ड्रोनने वरून बाग छान दिसेल. करावं का? – एक वाचक, विमाननगर

नको. तुमच्या भागाशेजारीच लोहगावचा विमानतळ आहे आणि तो हवाई दलाचा तळ आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग केले आहेत, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. शिवाय झाडांवर घरटी असतात आणि घारी ड्रोनवर झडप घालतात. इतकं करून तुम्ही दोघं वरून दोन ठिपके दिसाल.

साखरपुडा मे महिन्यात आहे. उन्हाळ्यात बाग वाळलेली दिसेल ना? – एक वाचक, ठाणे

उलट झाडं तेव्हाच फुललेली असतात! गवत वाळतं, फुलं वर असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर, विक्रोळीला हमरस्त्याकडेची गुलाबी टॅबेबुया. मग नीलमोहर. एप्रिल-मेमध्ये बहावा, आणि मेमध्ये गुलमोहर आणि आपल्या राज्याचं फूल ताम्हण. ठाणे-मुंबईत पिवळ्या सोनमोहराखाली फुलांचा थर साचतो, त्यावर बसून काढलेले फोटो मला फार आवडतात. आठवडाभर आधी जाऊन झाड बघून या, बहर दर वर्षी पुढे-मागे होतो. बहाव्याच्या अगदी खाली उभे राहू नका. झाडापासून दहा-बारा पावलं पुढे या, म्हणजे घोस मागे मऊ पिवळ्या पडद्यासारखे दिसतात.

मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ खांबाची सावली गुडूप होते. तसा सूर्य असताना डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. त्या महिन्यात सकाळी सव्वासहा ते पावणेआठ, किंवा संध्याकाळी सहानंतर. मे अखेरीस ढग जमू लागले तर घाबरू नका, ढगाळ आकाशासारखा सारखा उजेड दुसरा नाही.

मला लोकांसमोर अवघडल्यासारखं होतं. बागेत सगळे बघत राहतात. बंद स्टुडिओत काढू का? – एक वाचक, सातारा

बागेतच काढा, पण आधी एकदा फोटोग्राफरशिवाय जाऊन या. ज्या दिवशी आणि ज्या वेळी फोटो काढायचे, त्याच वारी आणि त्याच वेळी. कुठे हास्यक्लब असतो, कुठे मुलं खेळतात, कुठला कोपरा मोकळा असतो, ते कळतं. फोटोग्राफरला लांब पल्ल्याची लेन्स आणायला सांगा, म्हणजे तो पंधरा-वीस पावलं दूर राहील आणि तुमच्या दोघांत तिसरं कुणी नसेल. पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याकडे पाहूच नका. चाला. हातात काहीतरी असू द्या, भाजलेल्या शेंगांची पुडी सगळ्यांत चांगली. शेंगा सोलताना हाताला काम मिळतं, बोलणं सुरू होतं, आणि एकाने दाणे दुसऱ्याच्या तळहातावर ठेवले की तो फोटो मी कधीच सोडत नाही. टरफलं मात्र पुडीतच परत आणा.