शाळेत तोतरं बोलणाऱ्या मुलांवर उपचार करताना कोणते नैतिक पेच येतात?

शाळकरी मुलांसोबत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, त्यावरून सांगते. सगळ्यात अवघड पेच हा की उपचार नक्की कोणाला हवेत? आईवडिलांना तोतरेपणा ‘घालवायचा’ असतो, शिक्षकांना तास खोळंबायला नको असतो. मुलाला बहुतेक वेळा कोणी विचारलेलंच नसतं.

माझ्याकडे येणारा एक मुलगा वर्गात कधीच अडखळत नसे. उत्तर ‘प्रकाशसंश्लेषण’ आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसायचा, कारण ‘प्र’ला जीभ अडते. अडखळणं मोजायच्या तक्त्यात शून्य, गुण मात्र गेले! पुढे त्यानं तो शब्द तीनदा अडकत पुरा केला, तेव्हा वडील म्हणाले, “हे तर वाढलंय की!” माझ्या मते तीच प्रगती होती. पण फी वडील देतात, हेही खरंच.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा पुढे आपोआप जातो. शाळेत मोठ्या इयत्तांपर्यंत टिकला, तर पूर्ण जाईलच याची हमी कोणी देऊ नये. ‘अमुक महिन्यांत बरा करतो’ ही निव्वळ फसवणूक आहे.

मुलाच्या बोलण्याबद्दल त्याच्यासमोर काय बोलतो, हेही जपावं लागतं. 1939 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वाचादोषांचे अभ्यासक वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही तोतरे व्हायला लागलात’ असं सांगितलं गेलं आणि त्यांतली काही बोलायलाच बिचकू लागली. विद्यापीठानं माफी मागितली ती 2001 साली.

बाकी गोष्टी छोट्या वाटतात, पण बोचतात. चालू तासातून नाव पुकारून बोलावलं की अख्ख्या वर्गाला कळतं, म्हणून वेळ मुलानंच ठरवावी. शिक्षकांना किती सांगायचं, हेही त्यालाच विचारावं. प्रकट वाचनातून परस्पर सूट देणं तर मला अजिबात पटत नाही. कुणाला सूट हवी असते, कुणाला फक्त जास्त वेळ.

आणि मूल स्पष्ट ‘नको’ म्हणालं तर? मी थांबते. आईवडील नाराज होतात, कधी दुसरीकडे नेतात. दरम्यान शिक्षकांशी बोलत राहते: वाक्य तोडू नका, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, मागे कोणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. त्यासाठी मुलाला माझ्या खोलीत यावं लागत नाही.