‘पाणीगळती’ म्हणजे नेमके कोणते पाणी?

प्रश्न असा: शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या बातम्यांत कधी ‘४० टक्के पाणीगळती’, कधी ‘बेहिशेबी पाणी’, तर कधी ‘बिनमहसुली पाणी’ असे वाचायला मिळते. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर कोणता वापरावा?

एकाच अर्थाचे नाहीत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरले की उपायही चुकतात.

‘गळती’चा अर्थ स्वच्छ आहे. फुटक्या वाहिनीतून, सैल सांध्यातून किंवा भरून वाहणाऱ्या टाकीतून वाया गेलेले, ग्राहकापर्यंत न पोहोचलेले पाणी म्हणजे गळती. पण बातमीतल्या ४० टक्क्यांत बहुतेक वेळा चोरट्या जोडण्यांनी नेलेले पाणी, जुन्या मीटरने कमी नोंदवलेले पाणी आणि आग विझवायला किंवा वाहिन्या धुवायला लागलेले पाणीही मिळवलेले असते. हे पाणी गळलेले नाही, कोणीतरी वापरलेले आहे. त्या सगळ्याला गळती म्हटले की सारा भर वाहिन्या बदलण्यावर जातो, आणि बिघडलेले मीटर व अर्धवट ग्राहकयाद्या जिथल्या तिथे राहतात.

‘बेहिशेबी’ हा शब्द मराठीत ‘मालमत्ते’ला इतका चिकटला आहे की वाचकाला लगेच गैरव्यवहार दिसतो. शिवाय अग्निशमनाचे पाणी हिशेबात असते, फक्त त्याचे बिल होत नाही. मग ते धरायचे की वगळायचे, याचे उत्तर जागोजागी वेगळे मिळे आणि दोन शहरांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नसे. २००० साली आंतरराष्ट्रीय जल संघटनेने पाण्याच्या ताळेबंदाची ठरावीक मांडणी सुचवली, तीत ही अडचण सुटली. यंत्रणेत सोडलेल्या पाण्यातून बिल झालेले पाणी वजा करायचे. उरते ते सगळे बिनमहसुली. त्याचे पुढे तीन भाग पडतात: परवानगीने पण बिलाशिवाय वापरलेले पाणी, चोरी व मोजणीतल्या चुकांमुळे कागदावर हरवलेले पाणी, आणि खरी गळती.

तरीही ‘बिनमहसुली’ मला पूर्ण पटत नाही. त्यावरून वाटते की ज्याचे पैसे हाती आले नाहीत ते पाणी. व्याख्या तशी नाही. बिल गेले पण ग्राहकाने भरले नाही, तर ते पाणी महसुलीच धरतात. थकबाकी वेगळी मोजतात. म्हणून सर्वसाधारण लेखनात ‘बिलाबाहेरचे पाणी’ म्हणावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ऐकताक्षणी कळते आणि व्याख्येला धरून आहे. ‘गळती’ खऱ्या गळतीसाठीच राखून ठेवावी.

कंबोडियातल्या नॉम पेन्हचे उदाहरण पाहा. १९९३ मध्ये तिथे ७२ टक्के पाणी बिलाबाहेर जात होते. प्रमुख एक सोन चान (‘एक’ हा नावाचाच भाग) यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या जलप्राधिकरणाने ग्राहकांची यादी नव्याने केली, जोडण्यांना मीटर बसवले, चोरट्या जोडण्या तोडल्या आणि जुन्या वाहिन्याही बदलल्या. दीडेक दशकात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. यातले निम्मे काम ‘गळती’ या शब्दात मावतच नाही.

याच शब्दांशी जोडलेली एक गोष्ट मलनिःसारणाची. अनेक ठिकाणी मलनिःसारणाचा आकार (शुल्क) पाण्याच्या बिलावरच लावतात. चोरून वापरलेले पाणी मलवाहिनीत येते, प्रक्रिया केंद्रावर भार टाकते, पण त्याचा आकार कोणालाच लागत नाही. गळालेल्या पाण्याचे तसे नाही. ते बहुतांशी जमिनीत मुरते. मलनिःसारणाचा खर्च कसा भागवायचा हे ठरवताना हा फरक कळीचा ठरतो.

‘टक्के’ या शब्दाचीही खबरदारी घ्यावी. समजा १०० भाग पाणी सोडले, ३० गळाले, ७० चे बिल झाले. पुढे लोकांनी काटकसर करून वापर ५० वर आणला आणि गळती तेवढीच राहिली, तर ८० पैकी ३० म्हणजे साडेसदतीस टक्के. एक थेंबही जास्त गळला नाही, तरी मथळा ‘गळती वाढली’ असाच येईल. त्यामुळे गळतीचा आकडा दर जोडणीमागे दररोज किती लिटर, असा द्यावा, आणि पाणी दिवसाचे किती तास सुरू असते तेही सोबत लिहावे. दिवसातून दोनच तास भरणारी वाहिनी उरलेले बावीस तास रिकामीच असते, तेव्हा गळायला तिच्यात पाणीच नसते.